पणजोबांच्या वहीतल्या युद्धकविता चालीत बसत नाहीत. सुधारून छापू का?

तुम्ही दोन प्रश्न एकात घातले आहेत. मोठा प्रश्न: कविता युद्धाला कशी सामोरी जाते आणि युद्धाचा अनुभव तिच्यात खरंच टिकतो का? दुसरा घरचा: ऐरोलीच्या घरी माळ्यावर पणजोबांची वही सापडली, ते मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले होते, वहीत अकरा पद्यं आहेत, शेवटचं अर्धवट आहे, बरीचशी चालीत बसत नाहीत. ती नीट करून, अर्धवट आहे ते पूर्ण करून पुस्तिका काढावी का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नका सुधारू. वेलांटीसुद्धा हलवू नका. का, ते सांगायला मला ठाण्याच्या जेलपर्यंत जावं लागेल, कारण माझं या विषयावरचं जुनं भांडण तिथलंच आहे.

सेंट्रल जेल म्हणून आपण ज्या भिंती येता-जाता बघतो तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीरावाला आपले कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हवाली करावे लागले, त्यांना इथे ठेवलं. पहाऱ्याला गोरे शिपाई. देशी माणूस फितूर होईल, गोरा होणार नाही, असा हिशेब. आणि नेमका तोच अंगाशी आला. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, मराठी होता. साहेबाचा घोडा फिरवायच्या निमित्ताने तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून येरझाऱ्या घालायचा आणि आपल्याच नादात असल्यासारखा गायचा. गाण्यात निरोप असायचा. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी पसार झाले.

आता गंमत बघा. हे गाणं आपल्यापर्यंत आलं ते इंग्रजीत. रेजिनाल्ड हेबर हा कलकत्त्याचा बिशप १८२४ मध्ये बनारसजवळच्या चुनारला गेला तेव्हा त्रिंबकजी पुन्हा पकडले जाऊन तिथल्या किल्ल्यात कैदेत होते. त्यांची हकीकत लिहिताना त्याने त्या मोतद्दाराच्या गाण्याच्या आठ इंग्रजी ओळी दिल्या. (याच हेबरने पुढच्या वर्षी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी केला.) त्या ओळींचा नुसता मतलब सांगतो: झुडपामागे तिरंदाज लपलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, माझ्याबरोबर रानवाटेने येईल असा वीर कुठे मिळेल? घोडे पंचावन्न आहेत, माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा उभं राहील.

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका कार्यक्रमात हेच गाणं 'मूळ मराठी गीत' म्हणून सादर झालं. डफ, तुणतुणं, झीलकरी, सगळा थाट. मूळ कुठून मिळालं असं विचारलं तर "जुन्या कागदात" असं उत्तर. कागद कुणी दाखवला नाही. दाखवण्याची गरजही नव्हती, कारण गाणंच बोलत होतं. कुठलंही 'सापडलेलं' जुनं युद्धगीत समोर आलं की कसं तपासायचं ते यावरून दाखवतो, तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, शब्दांचा क्रम. मराठी गीतातल्या प्रतिमा इंग्रजी ओळींच्याच क्रमाने येत होत्या: झुडूप, तिरंदाज, घोडा, झाड. तोंडी गाणं असं ओळीला ओळ जुळून दुसऱ्या भाषेत जात नाही. धृपद मध्येच येतं, ओळी मागेपुढे होतात, एखादं कडवं गळतं. दोन भाषांत क्रम तंतोतंत असेल तर एक दुसऱ्याची नक्कल आहे, आणि इथे इंग्रजीची छापील तारीख आपल्याकडे आहे.

दुसरी, लष्करी शब्द. इंग्रजीत आहे 'नाइट'. गीतकाराने केलं 'शूर शिलेदार'. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा दुसऱ्याने दिलेला असतो. इथे घोडा दुसऱ्यांनी आणून झाडाखाली उभा केलाय, म्हणजे बसणारा हिशेबाने बारगीर ठरतो. खिडकीखालचा मोतद्दार आयुष्यभर घोड्यांतच वावरलेला, तो असली चूक करेल? केली असती का नसती हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण आजच्या कवीला बारगीर शब्दात वीरश्री वाटत नाही म्हणून तो शिलेदार घेतो, हे मात्र नक्की. तिरंदाजांचंही तसंच. नाशिक-खानदेशाकडचे भिल्ल धनुष्य वापरत, तेव्हा तिरंदाज खरेही असतील. किंवा हेबरला लहानपणच्या रॉबिन हुडने घेरलं असेल. त्याला स्वतःलाच या प्रसंगात स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या गोष्टी आठवल्या होत्या. ठरवता येत नाही, म्हणून ठरवायचं नाही. आणि 'दख्खन'? पेशवाईतला मोतद्दार 'श्रीमंत' म्हणेल, 'दौलत' म्हणेल, 'पुणं' म्हणेल. दख्खन हा नकाशा बघणाऱ्याचा शब्द.

तिसरी, आणि यावर माझं डोकं फिरलं. सादर केलेल्या गीतात पंचावन्न घोड्यांचे छप्पन्न झाले होते. चालीत ठसका येतो म्हणे. आणि चोपन्न माणसं गायबच. आपल्याकडे 'असे छप्पन्न पाहिले' म्हणतो तेव्हा छप्पन्न म्हणजे पुष्कळ, मोजायच्या भानगडीत न पडता. गीतकाराला तेच हवं होतं, भरपूर घोडे. पण मूळ गाण्यात भरपूर घोडे नाहीतच! तिथे वजाबाकी आहे. पंचावन्नातून चोपन्न गेले, एक खोगीर रिकामं, ते तुमचं. आत बसलेल्या माणसाला एवढंच कळायला हवं होतं: माणसं तयार आहेत, घोडा तयार आहे, तुम्ही बाहेर या. त्या आठ ओळींतला हा एकच भाग असा आहे की जो मराठीतून इंग्रजीत जाताना बिघडला नाही, कारण हिशेब कुठल्याही भाषेत सारखाच राहतो. शब्द गेले, चाल गेली, मोतद्दाराचं नाव गेलं, वजाबाकी उरली. आणि दोनशे वर्षांनी आपल्याच माणसाने मराठीत आणताना तीच तेवढी काढून टाकली.

हे बोलून दाखवलं तेव्हा आयोजकांतले एक सर म्हणाले, "भावना पोचली ना?" नाही हो. भावना प्रेक्षकांपर्यंत पोचली असेल, निरोप त्रिंबकजींपर्यंत पोचला नसता.

आता तुमचा मोठा प्रश्न. युद्धावरच्या कवितेत दोन थर असतात. एक आवेशाचा, तो प्रत्येक लढाईनंतर नव्याने तयार होतो आणि एकसारखाच असतो. हल्ली कुठे काही घडलं की तासाभरात व्हॉट्सॲपवर जे येतं ते घ्या, गावाचं नाव बदला, कुठल्याही युद्धाला चालेल. दुसरा थर मोजमापाचा: किती, कुठे, कोण, काय खाल्लं, काय संपलं. अनुभव टिकतो तो या दुसऱ्या थरात. माझं हे मत अनेक कवींना आवडत नाही, त्याला इलाज नाही.

पानिपतानंतरची ती सावकारी चिठ्ठी सगळ्यांना पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पाठांतरात शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मोजणी राहते. ही कविता म्हणून लिहिलेली नाही, तरी मराठीतली सर्वोत्तम युद्धकविता मी हीच मानतो. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे दोन मोती, सरदार मोहरा, आणि साधा शिपाई खुर्दा. कुणीही त्यात रडलेलं नाही. तिसऱ्या वाक्यात मोजणी थांबते आणि तिथेच पोटात गोळा येतो. आता यापुढे १९१५ ठेवा. फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचे, तर शिपायांनी लिहिलं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरायला लागलेत. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन्ही ठिकाणी तीच युक्ती: उघड बोलायची सोय नसली की माणूस बाजारातल्या आणि चुलीजवळच्या वस्तूंकडे जातो. मिरीची गोष्ट सेन्सॉरने पकडली आणि उतरवून ठेवली, म्हणून तर आज वाचता येते. युद्धाचे पुष्कळ शब्द असे शत्रूच्या किंवा सरकारच्या दप्तरातच टिकलेत, हेबरचं गाणं त्यातलंच.

याच्या उलट उदाहरण गोविंदाग्रजांचा 'पानपतचा फटका'. मासुंद्याच्या काठी ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे तेच गडकरी. जन्म १८८५, लढाई १७६१. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या महाराष्ट्राला पानिपताबद्दल काय वाटत होतं ते आहे, आणि त्यासाठी तो वाचावाच. पानिपताच्या रणावर काय झालं ते त्यात शोधू नये. शाळेत हा फरक कुणी सांगत नाही.

पोवाडा यांच्या मधोमध बसतो. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात घोरपड आहे. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, तिथे मावळे वानरासारखे कड्यावर चढले एवढीच उपमा आहे. उपमेतलं जनावर गाण्यात खरंखुरं होतं, हे तोंडी परंपरेत नेहमीचं. म्हणून पोवाडा खोटा ठरत नाही. उभा कडा, रात्र आणि चढणं अशक्य, हा अनुभव त्याने जपला, कसे चढले हा तपशील जपला नाही. पोवाड्याला काय विचारायचं हे कळलं की भांडण संपतं.

आणि नुसता आकडा ठेवला की काय होतं तेही बघा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. तुम्ही म्हणाल मग आकड्यांचं एवढं कौतुक कशाला. पाटीवरचा आकडा मोजणाऱ्याचा आहे, गाण्यातला आकडा मोजला गेलेल्याचा.

आता वही. आधी ती हातात कशी धरायची ते, कारण बहुतेक वह्या छपाईआधीच घरच्यांच्या हातून खराब होतात.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षर खातो. गंजलेल्या पिना असतील तर ओढू नका, पाठीमागून पाय सरळ करून हळूच काढा. त्या काळात शिपायांकडे कॉपिंग पेन्सिल असायची, दिसायला साधी करडी, पण ओल लागली की जांभळी होऊन पसरते. अक्षराला कुठे जांभळी झाक दिसली तर ओल्या बोटाने पान उलटायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं तर नाहीच. ऐरोलीला खाडीची हवा आहे. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलीत तर आतली ओल आतच राहून बुरशी येईल. आम्लरहित कागदाचं पाकीट, वर पुठ्ठ्याचा डबा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, भिंतीला न लागलेलं कपाट. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका.

मग स्कॅन. रंगीत, ६०० डीपीआय, टिफ फाइल. कोरी पानंसुद्धा, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूसुद्धा. पानांना क्रमांक मऊ पेन्सिलने कोपऱ्यात, पेनाने नाही.

त्यानंतर तीन प्रती करायच्या आणि त्या कधी एकमेकांत मिसळायच्या नाहीत. पहिली म्हणजे स्कॅन. दुसरी जशीच्या तशी नक्कल: ओळ जिथे तुटली तिथेच तोडायची, चूक आहे तशी, खोडलेलं खोडलेलंच दाखवायचं, न लागणाऱ्या अक्षराला चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह. तिसरी वाचनप्रत, आजच्या शुद्धलेखनात, हवी असेल तर. लोक पहिल्या दोन वगळून थेट तिसरी करतात आणि मग मूळ वही रद्दीत जाते.

काही पानं मोडीत असू शकतात, स्वातंत्र्यापर्यंत शाळेत मोडी होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि शब्द सलग चालतात, त्यामुळे तिथे 'व्याकरण चुकलंय' म्हणणंच चूक. पलटणीत शिकवणं रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीत चालायचं, त्यामुळे 'रंगरूट' (रिक्रूट), 'फालिन' (फॉल इन, म्हणजे रांगेत या), 'हुकुमदार' असले शब्द येतील. 'हुकुमदार' म्हणजे रात्री पहारेकरी ओरडतो तो इंग्रजी 'कोण आहे तिकडे'. त्याचा 'हुकूम' करून टाकलात तर एक अख्खी रात्र पुसली.

आणि चालीचं. पुष्कळ शिपाई ओळखीच्या अभंगाच्या किंवा भजनाच्या चालीवर शब्द बसवत. जिथे चाल अडखळते तिथे थांबा, कारण खरं गाव, खरी नदी, खरं नाव छंदाच्या मापाने मिळत नाही. एक उदाहरण मीच रचून दाखवतो, कुणाच्या वहीतलं नाही:

पाणी थंड आलं । गुडघ्याच्या वर ।
सांगरो नाय ही सेनिओ । रात झाली ॥

अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार. तिसऱ्या चरणात नऊ अक्षरं झाली. सुधारणारा लगेच 'दूर नदीतीर' करेल. माप बसलं, यमकही जुळलं, आणि इटली गेली. आठव्या हिंदी डिव्हिजनने सांग्रो नदी ओलांडली नोव्हेंबर १९४३ मध्ये, सेनिओ एप्रिल १९४५ मध्ये, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण दोन्हीकडे होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ९ एप्रिलचा, सेनिओवरचाच. म्हणजे त्या बेढब चरणात दीड वर्षाचं अंतर आहे: ही ती नदी नव्हे, आता दुसरी आली. 'नाय'चं 'नाही' केलं तर बोलणारा कुठला हेही जातं.

वहीत सोबत्यांची नावं असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा, फुकट आहे. आडनावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, रायगडकडचा माणूस असेल तर जिल्हा 'कुलाबा' टाका, तेव्हा नाव तेच होतं. हिंदू शिपायांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची नावं थडग्यावर न मिळता दहन-स्मारकावर मिळतात, सांग्रोला तसं स्मारक आहे. पणजोबांच्या नोकरीच्या कागदांसाठी नंबर घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. नंबर नसेल तर आधी वहीचं पहिलं आणि शेवटचं पान बघा, शिपाई तिथेच लिहून ठेवायचे.

दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. त्रिंबकजी निसटले तेव्हा पेशवे-इंग्रज युद्ध सुरू झालेलं नव्हतं, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. तेव्हा मोतद्दाराचं गाणं काटेकोर अर्थाने युद्धगीत नाही, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. दुसरं, दुरुस्ती नेहमीच वाईट असते असं नाही. १९१७ मध्ये एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात सिगफ्रिड ससून या इंग्रज सैनिक-कवीने तिथल्याच विल्फ्रेड ओवेन या दुसऱ्या सैनिक-कवीच्या एका कवितेच्या शीर्षकातला 'मेलेल्या' हा शब्द बदलून 'मरणार हे ठरलेल्या' केला आणि कविता सुधारली. पण ससून स्वतः खंदकातून आलेला होता, ओवेन समोर बसलेला होता, आणि मान्य करायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. तुमच्या पणजोबांना आता विचारता येत नाही.

पुस्तिका जरूर काढा. डाव्या पानावर वहीचा फोटो, उजवीकडे जशीच्या तशी नक्कल, खाली टीप. पद्यांच्या मध्ये मनीऑर्डरचा हिशेब किंवा विड्या-साबणाची यादी आली तर तीही छापा, क्रम न बदलता. अकरावं पद्य अर्धं आहे म्हणता ना? अर्धंच छापा, आणि उरलेलं पान त्यांनी जेवढं कोरं सोडलंय तेवढं कोरं सोडा.